फिश मील परदेशातून मागवताना: परवान्यापासून गोडाऊनपर्यंत

आधी हे ठरवा की फिश मील, म्हणजे खाद्यात घालायची मासळीची पूड, तुम्हाला लागतंच का. अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य सोयापेंड आणि थोडं मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) यांवर उत्तम बनतं, आणि सोयापेंड आपल्या लातुरात दारात मिळते. पिल्लांच्या पहिल्या आठवड्यांचं खाद्य किंवा माशांचं खाद्य बनवत असाल, तरच पुढच्या खटाटोपाला अर्थ आहे.

"मासळी शिजवून, वाळवून दळलेली असते, तिच्यात जंतू कुठून राहणार?" हा सल्ला मला अजूनही ऐकू येतो आणि दर वेळी संताप येतो. शिजवताना साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरतो हे खरं आहे. पण थंड करताना, दळताना, पोत्यात भरताना तो परत शिरतो. 1970 च्या सुमारास पेरू देशातल्या फिश मीलमधून साल्मोनेला अगोना हा त्याचा एक प्रकार अमेरिका आणि ब्रिटनमधल्या कोंबड्यांत पोचला आणि तिथून माणसांच्या पोटात गेला. नियम कडक आहेत ते यासाठी.

आयात-निर्यात कोड काढा, न्हावा शेवा बंदरात माल सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट धरा. पशुजन्य मालाची कामं नेहमी करणाराच हवा.

मग सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, म्हणजे मालासोबत रोगराई येऊ नये म्हणून लागणारा आयात परवाना. 1898 च्या पशुधन आयात कायद्याखाली केंद्राच्या मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालयाकडून ते घ्यावं लागतं, आणि माल जहाजावर चढण्याआधी ते हातात हवं. "माल निघू द्या, परमिट मागून येईल" म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच रामराम करा.

आता आरोग्य प्रमाणपत्र. सगळ्यात जास्त घाम मला इथेच फुटला आहे. परमिटसोबत अटी येतात आणि निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारी अधिकाऱ्याने त्या अटी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्रात लिहून द्यायचं असतं. पुरवठादार पाठवतो ते मात्र त्याच्या नेहमीच्या साच्यातलं: "माल पशुखाद्यास योग्य आहे," एवढंच. एका पुरवठादाराने मला असाच कागद दिला आणि वर सांगितलं की बाकीचे देश हाच घेतात. बाकीचे देश घेत असतील, मुंबईचा क्वारंटाइन अधिकारी तुमच्या परमिटवरच्या अटी वाचतो. कंटेनर बंदरात अडकला, डेमरेज (माल अडकून राहिल्याचा आकार) दिवसागणिक चढत गेलं आणि दुरुस्त प्रमाणपत्र येईपर्यंत फोन करत बसण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

म्हणून आता माझी पद्धत ठरलेली आहे. परमिट आलं की अटींचं पान पुरवठादाराला पाठवायचं आणि प्रमाणपत्राचा कच्चा मसुदा मागायचा. मसुदा आल्याशिवाय माल भरायला परवानगी नाही आणि पैशाचा पुढचा हप्ताही नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेक अट टिक करायची. रवंथ करणाऱ्या जनावरांचा अंश नसल्याची अट असेल, तर तेच शब्द प्रमाणपत्रात हवेत, त्या अर्थाचे दुसरे चालत नाहीत. तापमान आणि वेळेची अट असेल, तर आकडे हवेत. नंतर कारखान्याचा नोंदणी क्रमांक, बॅच, पोती, वजन, कंटेनर आणि सील. सीलच्या नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडलेला मी पाहिला आहे. एवढ्यावरही खेळ थांबतो. सही सरकारी अधिकाऱ्याचीच हवी. कारखान्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट कितीही चकचकीत असला तरी तो प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

बंदरावर अधिकारी माल पाहतात, नमुने काढतात. मोकळा झाल्याचा कागद मिळेपर्यंत ट्रक लावू नका. "जालन्याला नेऊन ठेवू, रिपोर्ट तिथेच येईल" ही घाई महागात जाते. नमुना नापास झाला तर माल परत पाठवावा किंवा नष्ट करावा लागतो.

सरकारी रिपोर्ट चांगला आला तरी स्वतःची तपासणी करा. साल्मोनेला मालात सारखा पसरलेला नसतो, कुठे गाठीने असतो, कुठे अजिबात नसतो. एका पोत्याचा नमुना देऊन निश्चिंत होऊ नका. दारापासून तळापर्यंतच्या पोत्यांतून थोडं थोडं घ्या. कंटेनरचं दार उघडलं की आधी छताकडे बघा. आत घाम सुटून पाणी ठिबकलं असेल तर वरच्या पोत्यांवर डाग आणि आत ढेकळं दिसतात. ती पोती बाजूला, विषय संपला. हात कोपरापर्यंत दोन पोत्यांच्या मध्ये घाला. ऊब लागली तर माल आतून तापतोय. फिश मीलमधलं तेल हवेशी लागून स्वतःच तापतं, म्हणून तर त्यात ते तापणं रोखणारं अँटिऑक्सिडंट घालतात आणि जहाजावर फिश मील धोकादायक मालात मोजतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये उंच थप्पी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. थप्पी बुटकी, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

फिश मीलचं फावडं, झाडू आणि हमालांच्या चपला वेगळ्या ठेवा. तयार खाद्याच्या बाजूला त्या जाता कामा नयेत. बारदान विकू नका, फाडून टाका. खिडक्यांना बारीक जाळी हवी: जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने कोंबड्या गेल्या, त्यानंतरही गोडाऊनमध्ये पारवे घुमताना दिसले की मला राहवत नाही. फिश मील उतरवलेला ट्रक धुतल्याशिवाय शेडकडे सोडू नका. आणि गाई-म्हशींचं खाद्य ज्या मशीनवर निघतं, तिच्यात फिश मील दळू नका, मशीन साफ केल्याचं कुणी कितीही सांगो.

प्रत्येक बॅचचा अर्धा किलो नमुना बंद बरणीत, वर कंटेनरचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. त्या बॅचवर वाढलेल्या कोंबड्यांचा शेवटचा लॉट विकून हिशेब मिटेपर्यंत ती बरणी हलवू नका.