पुढचा जपानी रोल-प्लेइंग गेम निवडताना

जपानी रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन लांब कथा खेळायच्या जपानी व्हिडिओ गेमची, शिफारस करताना लोक बहुधा कथेविषयीच बोलतात. कथा महत्त्वाची असतेच. पण पन्नास-साठ तास प्रत्यक्ष हाताला काम असते ते लढाईचे, आणि लढाईचाच कंटाळा आला तर उत्तम कथाही अर्ध्यावर सुटते. म्हणून माझ्या मते आधी लढाईची पद्धत पाहावी. त्यासाठी ट्रेलर उपयोगाचा नाही. गेमच्या मध्यावरची, किरकोळ शत्रूंशी चाललेली एखादी साधी लढाई दहा मिनिटे पाहावी, कारण तशाच लढाया आपल्याला शेकड्यांनी लढायच्या असतात.

पाळीपाळीने लढण्याचा प्रकारही एकच नाही. ‘फायनल फँटसी १०’ (२००१) मध्ये पुढच्या पाळ्या कोणाच्या आहेत हे पडद्यावर उजवीकडे दिसत राहते आणि लढाई चालू असतानाच पात्रे बदलता येतात: उडणारा शत्रू आला की चेंडू फेकणारा वाक्का, जाड कवचाचा आला की जड तलवारीचा ऑरन. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो, त्यामुळे या प्रकाराची ओळख करून घेण्यासाठी हा गेम मला सर्वांत योग्य वाटतो. ‘शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न’ (२००३) मात्र कठोर आहे. शत्रूच्या कमजोरीवर घाव घातला तर जादा पाळी मिळते, घाव हुकला तर एकाऐवजी दोन पाळ्या जातात, आणि हाच नियम शत्रूलाही लागू असल्याने पूर्वतयारीशिवाय पुढे जाणाऱ्याची गाठ मॅटाडोर या बलाढ्य शत्रूशी पडली की त्याची वाटचाल तिथेच थांबते. ज्यांना पाळीची वाट न पाहता बटणे दाबून थेट वार करणे आवडते, त्यांनी ‘टेल्स ऑफ अराइज’ किंवा ‘फायनल फँटसी १६’ पाहावा.

त्यानंतर वेळेचा हिशेब करावा. ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) वीस-पंचवीस तासांत पूर्ण होतो, तर ‘पर्सोना ५ रॉयल’ (‘पर्सोना ५’ची वाढीव आवृत्ती) सहज शंभर तास घेतो. दिवसामागून दिवस सरकणाऱ्या कॅलेंडरमुळे हा दुसरा गेम थोडा थोडा खेळायला सोयीचा आहे, परंतु त्यात एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: शाळेतील समुपदेशक मारुकी यांच्याशी असलेले नाते गेममधील १८ नोव्हेंबरपूर्वी नवव्या पातळीपर्यंत नेले नाही, तर ‘रॉयल’मध्ये भर घातलेले शेवटचे सत्र उघडतच नाही. इतक्या तासांनंतर हे कळणे फार क्लेशदायक ठरते, म्हणून कथानक फुटू न देता एवढे सांगून ठेवतो.

मालिकेचा क्रमांक पाहून बिचकण्याचे कारण सहसा नसते. ‘फायनल फँटसी’चे मुख्य क्रमांकाचे भाग स्वतंत्र कथांचे आहेत. याउलट ‘ट्रेल्स इन द स्काय’ (२००४) पहिल्या भागापासूनच सुरू करावा, कारण त्याचा शेवट थेट दुसऱ्या भागात उतरतो.

जुना गेम निवडल्यास आवृत्ती नीट पाहावी. ‘फायनल फँटसी ७ रीमेक’ (२०२०) हा १९९७ च्या गेमचा केवळ चेहरा बदललेला अवतार नाही; मूळ कथेतील मिडगार शहराचा भागच त्यात विस्ताराने येतो, लढाई वेगळी आहे आणि कथा ‘रीबर्थ’ (२०२४) मध्ये पुढे चालू राहते. मूळ गेमची पूर्ण कथा एका बैठकीच्या सलगतेने हवी असेल, तर जुनाच घ्यावा. ‘फायनल फँटसी ६’च्या पिक्सेल रिमास्टर या नव्याने सजवलेल्या आवृत्तीत मात्र खेळ तोच राहतो आणि पावलोपावली अचानक उद्भवणाऱ्या लढाया हव्या तेव्हा बंद करण्याची सोय मिळते.

इतके करूनही दोन गेममध्ये निर्णय होत नसेल, तर ज्याचा डेमो (चाचणीसाठी दिलेला सुरुवातीचा भाग) मोठा आहे तो आधी खेळून पाहावा. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’च्या डेमोमध्ये सुमारे दहा तासांचा खेळ मिळतो आणि त्यातील सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, पूर्ण गेममध्ये नेता येते, त्यामुळे पुढे गेम विकत घेतला तरी ते तास वाया जात नाहीत.