शाळेच्या छतावर जानेवारीचे आकाश : फॉल्स सीलिंगच्या टाइलांवर चित्र छापताना

शाळेच्या विज्ञान कक्षात फॉल्स सीलिंग असेल, तर त्यातल्या सोळा टाइलांवर रात्रीचे आकाश छापून घेता येते. हे काम छपाईच्या यंत्रापेक्षा आधीच्या मोजमापावर अधिक अवलंबून असते, म्हणून चित्र हाती घेण्यापूर्वी एक टाइल खाली उतरवून नीट मोजावी. दोन फुटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकटीचे प्रत्येक घर ६०० मिमीचे, टाइल साधारणपणे ५९५ मिमीची, आणि ती ज्या टी पट्ट्यांवर (उलट्या इंग्रजी T आकाराच्या पट्ट्यांवर) टेकते त्यांची दिसणारी रुंदी बहुधा २४ मिमी असते. याचा अर्थ प्रत्येक टाइलचा जेमतेम ५७६ मिमी भागच खालून दिसतो. त्यामुळे चित्राचे तुकडे ५९५ मिमीचे एकमेकांना लागून पाडू नयेत. संपूर्ण चित्र २४०० मिमी चौरसाचे धरावे, त्यावर ६०० मिमीची जाळी आखावी आणि प्रत्येक घराच्या मधला ५९५ मिमीचा भाग छापावा. असे केल्यास चित्र खिडकीच्या गजांमागून पाहावे तसे अखंड वाटते, अन्यथा प्रत्येक पट्टीपाशी रेषा थोडी थोडी सरकत जाते.

आकाशाच्या बाबतीत या पट्ट्या विशेष त्रास देतात. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे १८० अंश २४०० मिमीमध्ये सारख्या अंतराने बसवले, तर एक अंश सुमारे १३ मिमीचा होतो. कृत्तिकांचा सगळा पुंजका दोन अंशांच्या आतबाहेर असल्यामुळे तो एका पट्टीखाली पूर्णपणे झाकला जाऊ शकतो. जानेवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रातून कृत्तिका जवळजवळ डोक्यावर दिसतात, आणि चार बाय चारच्या मांडणीत त्याच ठिकाणाजवळ दोन पट्ट्यांची फुली येते. यावर सोपा उपाय असा की, नकाशाची वेळ पाव तासाने मागेपुढे करावी. तेवढ्याने आकाश सुमारे चार अंशांनी, म्हणजे मध्याजवळ ५० मिमीने सरकते, आणि कृत्तिका, रोहिणी, मृग व व्याध हे सर्व उघड्या जागी येतात का, हे जाळी ठेवून पडताळता येते.

दिशेची चूक मात्र छापल्यानंतर सुधारता येत नाही. जमिनीच्या नकाशात उत्तर वर असताना पूर्व उजवीकडे असते, पण छताकडे वर पाहताना ती डावीकडे येते. म्हणून संगणकाच्या पडद्यावर उत्तर वर आणि पूर्व डावीकडे असलेलाच नकाशा घ्यावा. कागदावर लहान नमुना काढून तो डोक्यावर धरावा आणि खोलीच्या खऱ्या दिशांशी ताडून पाहावा. मुंबईच्या अक्षांशावर ध्रुव तारा उत्तर क्षितिजापासून १९ अंश वर, म्हणजे या चित्राच्या उत्तर कडेपासून सुमारे २५० मिमी आत यायला हवा.

चित्र खालून सहा-सात फुटांवरून पाहिले जाते, त्यामुळे १०० डीपीआय (एका इंचात १०० ठिपके) पुरेसे असतात, म्हणजे पूर्ण चित्राला प्रत्येक बाजूस सुमारे ९,४५० पिक्सेल लागतात. तारे व नावे व्हेक्टर (म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा व आकारांच्या) स्वरूपात काढल्यास हा प्रश्नच उरत नाही.

छपाईसाठी यूव्ही फ्लॅटबेड यंत्र (सपाट वस्तूवर थेट छापून अतिनील प्रकाशाने शाई सुकवणारे) असलेला छापखाना शोधावा, कारण त्यात शाई थेट टाइलवर पडते आणि लगेच सुकते. पीव्हीसीचा थर असलेली गुळगुळीत जिप्सम टाइल या कामास उत्तम. खडबडीत मिनरल फायबर टाइलवर बारीक तारे पसरट होतात. खाली उतरती, पायरीदार कड असलेली टाइल टाळावी, कारण त्या पायरीवर चित्र नीट येत नाही. व्हिनाईल चिकटवणे स्वस्त पडते, पण आवाज शोषणाऱ्या टाइलची छिद्रे त्याखाली बुजतात आणि वर्गात आवाज घुमू लागतो. शिवाय टाइलचे आगीसंबंधीचे प्रमाणपत्र मूळ टाइलचे असते, त्यावर काही चिकटवल्यावर ते तसेच लागू होईल असे गृहीत धरू नये. सगळ्या टाइला छापण्यापूर्वी एकच छापून घ्यावी, एक दिवसाने तिच्यावर चिकटपट्टी लावून ओढून पाहावी, शाई सुटत नसेल तर ती छतात बसवून वर्गातल्याच दिव्यांखाली निरखावी. गडद निळ्या छतामुळे खोली नक्कीच अंधारते, म्हणून फळ्याच्या आणि बाकांच्या वरच्या टाइला पांढऱ्याच ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवे, पंखे व स्प्रिंकलर यांच्या जागाही चित्राच्या बाहेर राहतील असे पाहावे.

छापखान्यातूनच प्रत्येक टाइलच्या मागे रांग, क्रमांक आणि उत्तरेकडे निर्देश करणारा बाण लिहून घ्यावा. बसवताना वीज बंद करावी, तोंडावर मास्क व हातात स्वच्छ मोजे घालावेत, टाइल तिरकी करून पट्ट्यांच्या वर न्यावी व अलगद खाली सोडावी. मधल्या चार टाइला आधी बसवून दिशा पुन्हा तपासावी, मग बाहेरच्या घ्याव्यात. मृग आणि कृत्तिका यांच्या टाइलांची एक-एक जादा प्रत त्याच वेळी छापून ठेवावी, कारण पुढे छत गळून डाग पडल्यास नव्याने छापलेल्या टाइलचा निळा रंग जुन्याशी जुळणे कठीण असते.