दोष पाहण्यासाठी ओढलेला एक इंच

लाकडी धनुष्ये घडवायला लागल्यापासूनची माझी पहिली चारही धनुष्ये घडवतानाच मोडली. त्यांतल्या चौथ्याचे दुःख अजून गेलेले नाही, कारण त्याच्या लाकडात काहीही खोट नव्हती. धनुष्याची पाठ (नेम धरणाऱ्यापासून लांबची बाजू) कोणती, पोट (त्याच्याकडची बाजू) कोणते आणि मुठीच्या दोन्हीकडच्या भुजा सारख्या का वाकाव्या लागतात, हे वाचकाला माहीत आहे असे धरून मी थेट मोडण्याविषयी लिहीत आहे.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. पाठीवर एकच वर्षवलय (झाडाच्या एका वर्षाच्या वाढीचा थर) टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिले पाहिजे. ते जेथे कापले जाते तेथूनच ढलपी उचलते. ॲश, हिकरी किंवा एल्म या झाडांची साल काढल्यावर खालचा पृष्ठभाग तसाच पाठ म्हणून वापरता येतो, म्हणून सुरुवात त्यांपासून करावी. यू या झाडाचे लाकूड मिळाल्याशिवाय चांगले धनुष्य होत नाही, हा समज मनातून काढून टाका. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्ड येथे सापडलेली, सुमारे ९००० वर्षांपूर्वीची धनुष्ये एल्मचीच आहेत. लाकडातला ओलावा ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असावा. फार कोरडे लाकूड ठिसूळ होते आणि ओलसर लाकूड वाकलेलेच राहते.

आता ज्या चुकीने माझे चौथे धनुष्य गेले, तिच्याकडे येतो. ते ६८ इंचांचे होते आणि २८ इंचांच्या ओढीला ४५ पाउंड ताण मिळावा, अशी माझी इच्छा होती. टिलरिंगच्या, म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून धनुष्य ओढून तपासण्याच्या, चौकटीवर दोरी १६ इंचांपर्यंत आल्यावर, खालच्या भुजेत मुठीपासून वीतभर अंतरावर वाकण जरा अधिक आहे, असे मला वाटले. खात्री होईना. दोष असेल तर तो नीट दिसावा, म्हणून मी कप्पीवरची दोरी आणखी एक इंच ओढली, मग आणखी एक. त्या वेळी दोष स्पष्ट दिसला: बाकीची भुजा जवळपास सरळ होती आणि त्या एका जागी बिजागरी पडली होती. धनुष्य उतरवून मी पोटावरून बोट फिरवले, तेव्हा नखाला केसाएवढी बारीक आडवी रेघ लागली. त्यानंतर मी आजूबाजूचे लाकूड कितीही काळजीने खरवडले तरी उपयोग झाला नाही. २२ इंचांवर भुजा त्याच रेघेवर तुटली आणि तिचा तुकडा मी उभा होतो त्याच्या बाजूने भिंतीवर जाऊन आदळला. चौकटीसमोर कधीही उभे राहू नका; दोरी लांब ठेवून बाजूने ओढा.

ही चूक पुन्हा एकदा, सावकाश सांगतो. जी जागा अधिक वाकते, तेथील पोटाचे तंतू सर्वाधिक दाबले जातात. मर्यादेपलीकडे दाबले गेलेले तंतू चिरडतात आणि पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे ती जागा आणखी दुबळी होते आणि पुढच्या ओढीत आणखी वाकते. म्हणजे दोष पाहण्यासाठी केलेली ओढच तो दोष वाढवत असते. ज्या इंचावर शंका आली, त्याच इंचावर थांबा. शंकेच्या जागेला हत्यार लावू नका. इतर सर्व ठिकाणचे लाकूड थोडे उतरवा, त्याच ओढीपर्यंत धनुष्य २० ते ३० वेळा हलकेच वाकवा आणि मगच पुन्हा पाहा. न वाकवता पाहिलेत तर खरवडण्याचा परिणाम दिसतच नाही, आणि माणूस पुन्हा खरवडतो.

डोळ्यावर विसंबायचे नसेल, तर सहा इंचांच्या सरळ ठोकळ्याच्या मध्यातून पेन्सिल बसवा आणि वाकवलेल्या भुजेच्या पोटावरून तो सरकवा. जेथे खूण उमटते तेथे भुजा ताठ आहे. जेथे उमटत नाही तेथे ती पुरेशी किंवा जास्त वाकते आहे. धनुष्य चौकटीवर उलटसुलट लावूनही पाहा, कारण आपल्या डोळ्याचा कल नेहमी एकाच बाजूला असतो.

सँडरने, म्हणजे लाकूड घासणाऱ्या यंत्राने, हे काम लवकर होते, असे सांगणाऱ्यांचे मी ऐकत नाही. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: एक सेंटिमीटर जाडीतून एक मिलिमीटर गेला की सुमारे २७ टक्के ताठपणा जातो, आणि सँडरला एक मिलिमीटर घालवायला क्षणही पुरतो. पाठीवर कापड किंवा कातडे चिकटवून सगळे सावरता येते, हेही खरे नाही. ते पाठीला आधार देते, चिरडलेल्या पोटाला नाही. मार्गदर्शक निवडताना जो स्वतःची मोडलेली धनुष्ये दाखवतो त्याच्याकडे जा. माझ्या पहिल्या मार्गदर्शकांनी माझ्या हातातली कानस घेऊन दोन धनुष्ये सुधारून दिली, आणि त्यामुळे मला काहीच शिकता आले नाही.

हे वाचून घाबरू नका. माझे पाचवे धनुष्य ४५ ऐवजी ३८ पाउंडांवर थांबले, पण ते टिकले आहे आणि मी ते रोज वापरतो. कमी ताण हा दोष नव्हे. दोन्ही टोके थोडी कापून ताण काहीसा वाढवताही येतो.

मोडलेले तुकडे मात्र फेकू नका. पाठीवरून लांब ढलपी उठली असेल तर वलय कापले गेले आहे. तडा तिरपा गेला असेल तर लाकडाच्या तंतूंची दिशा बाजूने बाहेर पडत होती. पोटावर आडव्या रेघा असतील तर त्या जागी तुम्ही जास्त ओढले आहे. माझ्या चौथ्या धनुष्याचा तुकडा मी कामाच्या मेजावर टांगून ठेवला आहे आणि त्या रेघेशेजारी पेन्सिलने १६ हा आकडा लिहिला आहे.