व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त झाला, तरी स्टेशन मंद? या चुका टाळा

कंडेन्सर बदलले, गुणगुण थांबली, डायलचा दिवा लागला. तरी स्टेशन दबक्या आवाजातच येते. अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे लगेच आय.एफ. कॅनचे (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या कॉइलच्या डब्यांचे) कोअर, म्हणजे आतले फिरवायचे गाभे, फिरवणे. कारखान्यात केलेले अलाइनमेंट (कॉइलची जुळणी) इतक्या वर्षांतही सहसा थोडेच सरकते. अंदाजाने कोअर फिरवले की ते पूर्ण बिघडते आणि मूळ दोष सापडणे दुप्पट अवघड होते. ते काम शेवटी.

आधी सेटकडून अपेक्षा योग्य आहे का ते पाहा. सोलापूर आकाशवाणी एफएमवर आहे, तर बहुतेक जुन्या सेटांना मिडियम आणि शॉर्ट वेव्हच असते. पुणे आकाशवाणीचे मिडियम वेव्हवरचे ७९२ किलोहर्ट्झ सोलापुरापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. भर दुपारी ते मंदच लागणार. सेटची परीक्षा अंधार पडल्यावर घ्या, आणि घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर बंद करून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या यंत्रमागांच्या भागात राहत असाल तर मोटारींची खरखर येणारच. एरियल लावताच खरखर वाढत असेल, तर सेट बऱ्यापैकी ऐकतो आहे, एरियलची जागा चुकली आहे असे समजा.

एरियल आणि अर्थ

अनेक व्हॉल्व्ह सेटांत फेराइट रॉड, म्हणजे आतच बसवलेले एरियल, नसतो. खोलीत लोंबणारी दोन मीटर वायर त्यांना पुरत नाही. गच्चीवर १० ते १५ मीटर वायर, विजेच्या तारांपासून दूर, जमेल तितकी उंच ताणा. मागच्या झाकणावर पत्र्याचे किंवा वायरचे एरियल चिकटवलेले असेल, तर पॉलिशनंतर त्याची तार पुन्हा जोडायची राहिली नाही ना, हेही बघा. अर्थसाठी दीड-दोन मीटरची सळई पुरते. पण उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळून सळईपासून सुटते, म्हणून तिथे पाणी घालत राहा.

यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ असे व्हॉल्व्ह असलेल्या सेटाची चॅसी (धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. त्या चॅसीला अर्थची वायर कधीही लावू नका. जीवाशी गाठ आहे.

वळवाच्या दिवसांत एरियल काढून ठेवा. जवळपास वीज पडली की एरियल कॉइलची प्रायमरी जळते, बाकी सेट धडधाकट राहतो. प्लग काढून थेट कॉइलवर ओहम मोजा: एक आकडी किंवा दोन आकडी ओहम ठीक, काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

व्होल्टेज आणि ए.व्ही.सी.

एसी सेटात एचटी (व्हॉल्व्हना मिळणारे मुख्य डीसी व्होल्टेज) साधारण २०० ते २५० व्होल्ट हवे. कमी असेल तर ईझेड ८० हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह किंवा त्यानंतरचा पहिला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तपासा. तिथे ‘जास्त चांगला’ म्हणून १०० मायक्रोफॅरड घालू नका. ईझेड ८० ची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. मग ईसीएच ८१ आणि ईएफ ८९ किंवा ईबीएफ ८९ च्या स्क्रीन ग्रिडवर मीटर लावा. ८० ते १०० च्या ऐवजी ३०-४० व्होल्ट दिसले, तर स्क्रीनचा कंडेन्सर गळतो आहे किंवा कार्बन रेझिस्टन्सची किंमत वाढली आहे. मंद आवाजाचे हे फार नेहमीचे कारण, आणि व्हॉल्व्ह मात्र उगाच बदलले जातात.

ए.व्ही.सी. म्हणजे स्टेशनच्या जोरानुसार सेटाचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) आपोआप कमी-जास्त करणारी सोय. तिची लाइन १० मेगओहमच्या डिजिटल मीटरनेच मोजा. जुना काट्याचा मीटर ती खाली ओढतो. स्टेशन नसताना शून्याजवळ आणि जोरदार स्टेशनवर उणे काही व्होल्ट, असे हवे. स्टेशन नसतानाही उणे आठ-दहा असेल, तर आय.एफ. स्टेज स्वतःच ऑसिलेट होऊन (स्वतःच सिग्नल तयार करून) सेटाचा गेन दाबते आहे. रिस्टोअर केलेल्या सेटात याचे कारण बहुधा रंग असतो: चॅसी रंगवताना व्हॉल्व्हच्या शिल्डखाली रंग गेला, त्यामुळे शिल्डला चॅसीचा संपर्क उरला नाही. रंग खरवडा. लाइन उण्याऐवजी धन (+) व्होल्ट दाखवत असेल, तर आय.एफ. कॅनमधील गळती किंवा खराब व्हॉल्व्ह. ए.व्ही.सी.चा कंडेन्सर ओपन असेल तर एरियल कॉइलचे परतीचे टोकच तुटते. तिथे नवा ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर समांतर टेकवून पाहा, पण सेट बंद करून आणि फिल्टर कंडेन्सर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्सने रिकामे करून.

डायलच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या टोकालाच आवाज मरत असेल तर ईसीएच ८१ चे ऑसिलेटर थकले आहे. बँड स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरनेच साफ करा, तेलाने नाही. गँगच्या (स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या) शाफ्टवर घासणारी पत्तीही त्याच वेळी पुसून घ्या.

हे सगळे बरोबर निघाले तरच अलाइनमेंट. आय.एफ. ४५५, ४५२, ४७० यांपैकी कोणती, हे सर्व्हिस शीटमध्ये पाहा, अंदाज करू नका. सिग्नल जनरेटरचा जोर इतका कमी ठेवा की ए.व्ही.सी. जागी होणार नाही. स्पीकरवर एसी मीटर लावून रीडिंग सर्वाधिक करा. मग १४०० किलोहर्ट्झजवळ ट्रिमर (छोटा फिरवायचा कंडेन्सर), ६०० जवळ कोअर जुळवा, दोन-तीन फेऱ्या. प्लॅस्टिकचा पेचकस वापरा. अडकलेल्या कोअरवर जोर लावू नका. हेअर ड्रायरने हलके गरम करून आतले मेण सैल होऊ द्या, फुटलेला कोअर सहसा बाहेर निघत नाही.