ट्यूमर आणि टी पेशी: मीडियातल्या या चुका टाळा

ट्यूमरमध्ये शिरलेल्या टी पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) निष्प्रभ का होतात, हे प्रयोगशाळेच्या प्लेटमध्ये तपासताना घोळ बहुतेकदा पेशींत नसतो, मीडियात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात असतो.

सगळ्यात महागात पडते ती लॅक्टेटची (लॅक्टिक अ‍ॅसिडमधल्या आम्लाविना भागाची) चूक. वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) थेट 10-20 मिलिमोलर लॅक्टिक अ‍ॅसिड घातलं की पीएच घसरतो, इंटरफेरॉन-गॅमा (सक्रिय टी पेशी सोडतात ते प्रथिन) कमी होतो आणि खापर लॅक्टेटवर फुटतं. गाठीत लॅक्टेट आणि आम्लता दोन्ही एकत्रच वाढतात हे खरं, पण दोष कोणाचा हे ठरवायचं तर चार वेल लागतातच: नुसता मीडिया, त्याच पीएचचं सोडियम लॅक्टेट, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने पीएच उतरवलेला मीडिया आणि लॅक्टिक अ‍ॅसिड. सोडियम लॅक्टेटच्या जोडीला तेवढ्याच मिलिमोलर सोडियम क्लोराइडचा वेलही ठेवा, नाहीतर क्षार वाढल्याचा परिणाम लॅक्टेटच्या नावावर जमा होईल. पीएच मोजण्याआधी मीडिया 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये स्थिरावू द्या. बाहेरच्या हवेत बायकार्बोनेटमधून वायू निघून जातो आणि पीएच चढा दिसतो. शेवटी पुन्हा मोजा, कारण वाढणाऱ्या टी पेशी स्वतःही आम्ल सोडतात.

ग्लुकोजचं पाहा. आरपीएमआय 1640 या नेहमीच्या मीडियात ते 11.1 मिलिमोलर असतं, उपाशीपोटी रक्तात सुमारे 5. म्हणजे आपला ‘नॉर्मल’ कंट्रोलच रक्ताच्या दुपटीवर! उलट ग्लुकोजविरहित मीडियात साधं सीरम घातलं की ग्लुकोज मागच्या दाराने परत येतं. तिथे डायलाइज्ड (ग्लुकोजसारखे छोटे रेणू काढून टाकलेलं) सीरमच हवं. 1 मिलिमोलरच्या वेलमध्ये पेशी दाट असतील तर ते लवकर संपतं आणि तुम्ही नकळत शून्यावर प्रयोग करत राहता. पेशी विरळ ठेवा, मीडिया बदला, उरलेलं ग्लुकोज मोजा.

टू-डीऑक्सिग्लुकोज (ग्लुकोजचा वापर अडवणारा ग्लुकोजसारखा रेणू) घालणं म्हणजे ग्लुकोजची टंचाई नव्हे. मॅनोज या साखरेशी साम्य असल्याने ते प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवण्याचं कामही बिघडवतं, त्यामुळे मॅनोज परत देऊन पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. टू-एनबीडीजी या चमकणाऱ्या ग्लुकोजसारख्या रेणूची चमकही टी पेशींत ग्लुकोज वाहतुकीचा भरवशाचा पुरावा नाही. किरणोत्सारी टू-डीऑक्सिग्लुकोज वापरा.

आणि कर्कपेशीच सगळं ग्लुकोज फस्त करतात हे गृहीत धरू नका. 2021 मध्ये उंदरांच्या गाठींत मोजलं तेव्हा पेशीमागे सर्वाधिक ग्लुकोज मायलॉइड पेशींनी (मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशींनी) घेतलं होतं, कर्कपेशींचा ओढा ग्लुटामाइन या अमिनो आम्लाकडे होता. फक्त टी पेशी आणि कर्कपेशी एकत्र वाढवलेल्या प्लेटमध्ये हा तिसरा भागीदार नसतोच. मॅक्रोफेज घातलेला एक संच सोबत लावा.