चिखलानंतर कडक झालेले शॉकअप

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडचा तांबडा चिखल शॉकअपच्या (धक्के शोषणाऱ्या नळीच्या) रॉडवर वाळला आणि गाडी कडक वाटली की शॉकअपवरच संशय जातो. आधी टायरची हवा बघा, बरेचदा तीच जास्त असते. मग शॉकअप उतरवून रॉड साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. रॉडभोवतीच्या सीलवर प्रेशरचं पाणी नको, माती आत घुसते. रबरी बुशला (शॉकअपच्या टोकाच्या रबरी कड्याला) डिझेल तर मुळीच नको, रबर फुगतं. रॉड हातानं दाबा: एकसारखा जड गेला तर ठीक, मध्येच अडकला तर शॉकअप बदलायचाच.

माझ्या जीपचा घोळ बोल्टचा निघाला. चाकं लोंबकळत असताना आवळल्यामुळं बुश पिळला होता. बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी करून हलवली, मगच आवळले. कडकपणा कमी-जास्त करायच्या नॉबवाल्या शॉकअपला पूर्ण मऊपासून दोन-दोन क्लिक वाढवा, दोन्ही बाजूंना सारखे.