धून उतरवतानाच श्रेय लिहून ठेवा

व्हिडिओ तयार होतो आणि मग आठवतं, मागे वाजणारी धून कुणाची? फाइलचं नाव ‘ट्रॅक०३’, बाकी पत्ता नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (सीसी, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणाऱ्या परवान्यांचं) संगीत फुकट मिळालं तरी श्रेय द्यावंच लागतं. सूट फक्त ‘सीसी झीरो’ला, म्हणजे मालकाने सगळे हक्क सोडलेल्या संगीताला.

१. डाउनलोड होताच फाइलचं नाव बदला: कलाकार, शीर्षक, परवाना. आवृत्तीसकट, म्हणजे ‘सीसी बाय ४.०’ (‘बाय’ म्हणजे श्रेय द्या). नुसतं ‘सीसी’ लिहून काही कळत नाही.

२. शेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तिच्यात हीच माहिती, शिवाय धून जिथून घेतली त्या पानाचा पत्ता आणि तारीख. पुढे व्हिडिओच्या वर्णनात हाच मजकूर चिकटवायचा.

३. ते पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, साठवा. मिनिटाचं काम, पण मी सर्वांत जास्त टाळलेलंही हेच. मालकाने उद्या परवाना बदलला तरी तुम्ही आधी घेतलेल्या प्रतीला जुनाच लागू राहतो. फक्त तो तेव्हा होता हे दाखवता आलं पाहिजे.

परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्हज, म्हणजे रूपांतर करून वाटायला मनाई) दिसलं तर ती धून व्हिडिओला लावू नका. एक सेकंदही न कापता वापरली तरी, चित्राशी जुळवली की या परवान्यांत ते रूपांतरच धरलं जातं.